शरद ऋतूची पाठशाळा



इंग्रजी पुस्तकातला 'ऑटम' म्हणजे लाल-पिवळ्या पानांचा सडा. आपली मुले ती पाने रंगवतात, तेव्हा नाशिकचा कडुनिंब खिडकीबाहेर हिरवागार उभा असतो. आपल्याकडची पानगळ शिशिरातली. आश्विन-कार्तिकातला शरद हा गवत पिकण्याचा, बीज पडण्याचा आणि पाहुणे पक्षी येण्याचा काळ. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घराबाहेर नेण्यास याहून अनुकूल ऋतू नाही.

त्यांना बाहेर नेण्याचे एक गंभीर कारणही आहे. आपण मुलांना अहिंसा शिकवतो, परंतु पुष्कळदा ती केवळ निषेधाच्या भाषेत असते : हात लावू नकोस, पाय देऊ नकोस. जे मूल बंद खोलीतच वाढते, त्याच्या मनात अशा सूचनांतून दया रुजत नाही. किड्यामुंग्यांची किळस मात्र रुजते. करुणा ओळखीतून येते, आणि ओळखीसाठी आधी भेट व्हावी लागते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबादच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचे काम उभारले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. खडे, शिंपले, पाने, बिया हेच तिथले शिक्षणसाहित्य होते.

चातुर्मास संपेपर्यंत आपली पाठशाळा घराजवळच भरवावी. पहाटे प्राजक्ताखाली पडलेली फुले मुलांना वेचू द्यावीत. कोणाला पाच पाकळ्या, कोणाला सहा, कोणाला सात; त्यांचे वेगवेगळे ढीग करता करता लहानग्यांची गणती पक्की होते. नियम एकच : झाडाने दिलेले घ्यायचे, तोडायचे नाही.

अंगणातच जीवांची ओळख होते. झाड एकेंद्रिय, गोगलगाय द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, फुलपाखरू चतुरिंद्रिय, चिमणी पंचेंद्रिय. पाठशाळेत पाठ केलेली ही नावे समोरच्या जीवाशी जुळली की मूल थबकते. मुंग्यांच्या रांगेपासून हातभर दूर बसवून विचारावे, "समोरासमोर आल्या की त्या काय करतात?" उत्तर आपण सांगू नये. मिशांना मिशा लावून होणारी विचारपूस त्याला स्वतःच दिसू द्यावी.

कार्तिकी पौर्णिमेनंतर साधु-साध्वींचा विहार सुरू होतो. तेव्हा आपणही थोडे दूर जावे. म्हसरूळजवळची गजपंथाची टेकडी किंवा पांडवलेण्याच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान लहान पावलांना झेपण्याजोगे आहे. परतल्यावर कपड्यांना चिकटलेली कुसळे आणि आघाड्याचे बी फेकू नये. कुसळ बशीत ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. त्याचा पीळ उलगडू लागतो आणि ते हळूहळू फिरते. पाय नसलेले बीज अशा रीतीने स्वतःला मातीत रोवते, हे मुलाला एकदा दिसले की पुरे. त्याचे टोक बोचरे असते, म्हणून ते मोठ्यांनीच काढावे.

एक रविवार निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरसाठी राखावा. गोदावरी-कादवा संगमावरील हे पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. हिमालयापलीकडून येणारे चक्रवाक तिथे हिवाळाभर मुक्काम करतात. पक्ष्यांची नावे पाठ करून घेण्याची घाई नको. दहा मिनिटे आवाज न करता बसणे हाच लहान मुलांसाठी मोठा अभ्यास आहे.

पायात बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सोबत गाळलेले पाणी असावे. चालावे ते मळलेल्या वाटेनेच. उंच गवतात साप असू शकतो, आणि ओल्या हिरवळीवर पाऊल पडले तर असंख्य जीव चिरडले जातात. हे दुसरे कारणही मुलांना आवर्जून सांगावे. सूर्यास्तापूर्वी डबा उघडून सर्वांनी एकत्र जेवावे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : आज नवी ओळख कोणाची झाली?