शेजारच्या घरचा उपवास, आपल्या घरचा रोजा

रमजान सुरू झाला की कार्यालयात, एसटीत, शाळेच्या फाटकाशी एक प्रश्न हमखास येतो : "पाणीसुद्धा प्यायचं नाही?" आपल्यापैकी प्रत्येकाने त्याचे उत्तर कितीतरी वेळा दिले असेल. काहींना त्याचा कंटाळाही येतो. आम्हाला मात्र हा प्रश्न आवडतो. विचारणाऱ्याला आपल्याविषयी कुतूहल आहे, एवढे तरी त्यातून कळते. "नाही, पाणीसुद्धा नाही" एवढे सांगून आपण थांबलो तर विषय तिथेच संपतो. "आणि तुमच्या निर्जळी उपवासाला काय असतं हो?" असे उलट विचारले, तर चहाची सुट्टी कधी संपली ते दोघांनाही कळत नाही.

वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या चालीरीतींच्या माणसाशी मैत्री जुळली की पहिला आनंद मिळतो तो आपलेच घर नव्याने पाहण्याचा. सहरीला का उठतो, इफ्तार खजुराने का करतो, फित्रा ईदच्या नमाजाआधीच का द्यायचा, हे आपण लहानपणापासून पाहत आलो, म्हणून कुणाला समजावून सांगण्याची वेळ येत नाही. मैत्रीण विचारते तेव्हा आपण उत्तर शोधतो. अम्मीला विचारतो, पुस्तक काढतो. तिला सांगता सांगता आपल्यालाही चार गोष्टी नीट उमगतात.

दुसरा आनंद तिच्या घराचा. संकष्टीला ती दिवसभर उपवास करते आणि रात्री चंद्रोदय झाल्याशिवाय जेवत नाही. आपला रोजा सूर्यास्ताला सुटतो, तिचा उपवास चंद्र उगवल्यावर. पावसाळ्यात आभाळ भरून आले की ती पंचांगातली चंद्रोदयाची वेळ पाहते, आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी आपण गच्चीवर माना उंचावून उभे असतो. ईदची ती कोर तिच्या पंचांगात बहुधा शुद्ध प्रतिपदेची किंवा द्वितीयेची असते. चंद्र एकच, फक्त वाट पाहण्याच्या रात्री वेगळ्या.

मैत्री जुनी झाली की थट्टाही जमते. इफ्तारच्या दस्तरखानावर भजी, समोसे, फ्रूट चाट आणि सरबताचे दोन प्रकार पाहून ती हसून म्हणते, "भाभी, आमच्याकडे याला एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात!" मग तिच्या उपवासाच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या फोडी आणि दाण्याचा लाडू आपण मोजून दाखवायचे. हीच थट्टा अनोळखी माणसाने केली तर बोचते. मैत्रिणीने केली की दोघी पोट धरून हसतात.

सणांच्या तारखांचेही असेच. आपले वर्ष निव्वळ चंद्राचे, साधारण ३५४ दिवसांचे. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. हिंदू पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण तिथे साधारण दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना घालून सूर्याशी मेळ घालतात, म्हणून दिवाळी पावसाळ्यानंतरच येते. हे कळले की "तुमची ईद दरवर्षी बदलते कशी?" या प्रश्नाचे उत्तर मुलांनाही देता येते. आणि दोन्ही सण कधी एका दिवशी आले, तर काय करायचे याचा विचारही आधीच करता येतो.

असे घडलेही आहे. २९ जून २०२३ रोजी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. राज्यातल्या अनेक गावांत मुस्लिम समाजाने ठरवले की ईदची नमाज त्या दिवशी होईल, कुर्बानी मात्र दुसऱ्या दिवशी. जिल्हिज्जाची १०, ११ आणि १२ तारीख कुर्बानीसाठी असल्याने शरीयतच्या चौकटीतच ही सोय होती. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकत्र आली, तेव्हा मुंबईतला मिलादचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्यात आला. असे निर्णय बैठकीत होतात हे खरे, पण शेजारच्या घरात त्या दिवशी काय असते हे ठाऊक असलेली माणसे त्या बैठकीत असावी लागतात. ती माणसे वर्षानुवर्षांच्या उठण्याबसण्यातून तयार होतात.

अशी मैत्री वाढली तर आपला दीन पातळ होईल, अशी भीती काही घरांत असते. तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पण दिव्य कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:१३) मानवजातीची कुळे आणि जमाती एकमेकांची ओळख व्हावी म्हणून केल्याचे सांगितले आहे. सूरह अल-मुम्तहिनामध्ये (६०:८) जे आपल्याशी धर्मावरून लढले नाहीत आणि ज्यांनी आपल्याला घरातून काढले नाही, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्याची मुभा स्पष्ट आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी जिबह झाली तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का, हे त्यांनी दोनदा विचारले होते. हिजरतच्या प्रवासात, इ.स. ६२२ मध्ये, मागावर शत्रू असताना प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बकर (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून घेतला तो अब्दुल्लाह बिन उरैकित. तो तेव्हा मुसलमान नव्हता. उंटणी त्याच्या हवाली केल्या, जीवही त्याच्या भरवशावर सोपवला. विश्वास टाकताना त्याची सचोटी पाहिली गेली.

असा भरवसा आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही आहे. सावित्रीबाई फुले आजारपणात माहेरी नायगावला होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमाला बराच त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्या लिहितात. फातिमा शेख यांच्याविषयी आज भाषणे खूप होतात. आम्हाला मात्र पत्रातला हा साधा उल्लेख मोठा वाटतो. कामाचा भार आपल्यामुळे कुणावर पडला आहे याची जाणीव, आणि ती तो निभावून नेईल ही खात्री, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. एकमेकींची सोबत असल्याशिवाय असे लिहिता येत नाही.

आज काळजी वाटते ती मुलांची. शहरांत वस्त्या वेगळ्या होत चालल्या आहेत. नाव ऐकून भाड्याचे घर नाकारले गेल्याचा अनुभव अनेक कुटुंबांना आहे. मग आपणही आपल्याच मोहल्ल्यात घर शोधतो, मुले जवळच्याच शाळेत जातात, आणि दहावीपर्यंत पोचलेल्या मुलाला दुसऱ्या धर्माचा एकही जिवलग मित्र नसतो. समोरच्या वस्तीतल्या मुलाचेही तेच. पुढे कॉलेजात दोघे भेटतात तेव्हा एकमेकांविषयी त्यांना जे ठाऊक असते, ते मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतून आलेले असते. संदेशाला उलट प्रश्न विचारता येत नाही, मित्राला विचारता येतो. "तुमच्यात खरंच असं आहे का रे?" असे अडचणीचे बोलायलाही एक हक्काचे माणूस असणे, हा या मैत्रीतला मोठा आनंद आहे.

तो मिळवायला फार काही लागत नाही. ईदला शाकाहारी मैत्रिणीला बोलावताना शीरखुर्म्याचे पातेले वेगळे ठेवा आणि तसे तिला आधीच सांगा, म्हणजे तिला संकोचाने विचारावे लागणार नाही. ती कांदा-लसूण किंवा अंडे खात नसेल तर आग्रह नको. "एवढ्याशाने काय होतं" हे वाक्य पाहुण्याला ऐकवू नये. आपण तिच्याकडे जातो तेव्हा आपल्या हलालच्या मर्यादा सरळ सांगाव्यात. दिवाळीच्या फराळाचा डबा आनंदाने घ्यावा. पूजेच्या प्रसादाबाबत आपली जी भूमिका असेल ती नम्रपणे सांगावी. खरी मैत्रीण रागावत नाही, पुढच्या वेळी तीच लक्षात ठेवते. आणि डबा परत करताना रिकामा देऊ नये, ही रीत तर दोन्ही घरांत आहे.

तिच्या घरी दुःख असेल तेव्हाही जावे. सुतकात चूल पेटत नाही त्या घरी पिठलं-भाकरी कोण पोचवते, हे वर्षानुवर्षे लक्षात राहते. आपल्याकडे मय्यत झाली तेव्हा घरातल्या लहान मुलांना दिवसभर स्वतःच्या घरी सांभाळणारी शेजारची काकू कोणती, हेही आपण विसरत नाही.

या महिन्यात एक करून पाहा. जेवायला बसल्यावर मुलांना विचारा : वर्गात वेगळा सण साजरा करणारा तुझा मित्र कोण? त्याच्या आईला तू काय म्हणतोस? त्याच्याकडे कोणत्या दिवशी काय खात नाहीत? उत्तरे पटापट आली तर अल्हम्दुलिल्लाह. नाही आली, तर येत्या रविवारी त्या मित्राला घरी बोलवा. चहाबरोबर काय चालेल, ते आधी त्याच्या आईला फोन करून विचारा.