परत आलेल्यांची साक्ष

आपल्या इकडे बहुतेक प्रत्येक गांवांत असा एखादा गृहस्थ असतोच कीं, जो "वर जाऊन परत आला" म्हणून ओळखला जातो. तापांत त्याची नाडी गेली, घरच्यांनीं आक्रोश केला, कोणी बांबू आणावयास निघाला, आणि इतक्यांत त्यानें डोळे उघडले. पुढें तो जें सांगतो तें बहुधा ठराविक असतें. दोन दूत आले, त्यांनीं ओढून नेलें, तेथें एका कारभाऱ्यानें वही उघडली आणि दूतांवर रागावून म्हटलें, "हा नव्हे, याच नांवाचा दुसरा आणावयाचा होता." मग त्यास परत ढकलून दिलें. व्यापारी मंडळींस ही हकीकत ऐकून हंसूं येणें साहजिक आहे. नांवाच्या सारखेपणामुळें एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर टाकणारा मुनीम कोणत्याही पेढीवर टिकावयाचा नाहीं. चित्रगुप्ताची नोकरी मात्र अबाधित आहे!

परंतु हंसून हा विषय सोडून देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेंतील सतवंत पसरिचा आणि व्हर्जिनिया विद्यापीठांतील इयान स्टीव्हन्सन या दोघांनीं हिंदुस्थानांतील अशीं सोळा प्रकरणें तपासून त्यांचा वृत्तांत १९८६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत हे दूत, ही वही आणि ही नांवाची चूक वारंवार आढळते. अमेरिकेंत रेमंड मूडी यांनीं १९७५ सालीं जें पुस्तक लिहून या अनुभवांस जगभर नांव मिळवून दिलें, त्यांतील मंडळींस मात्र वही दिसली नाहीं. त्यांस काळोखी बोगदा दिसला, त्यापुढें शीतल प्रकाश, कोठें मेलेले आप्त, कोठें साऱ्या आयुष्याचा पट. ही कथा नवीन तर मुळींच नाहीं. प्लेटोनें आपल्या ग्रंथाच्या शेवटीं एर नांवाच्या शिपायाची गोष्ट घातली आहे. तो लढाईंत पडला आणि बाराव्या दिवशीं चितेवर उठून बसला व परलोकाचें वर्णन करूं लागला.

हे सर्व लोक खोटें बोलतात असें म्हणणाऱ्या घाईच्या सुधारकांशीं आमचें जमत नाहीं. हॉलंडांतील दहा रुग्णालयांत, हृदयक्रिया बंद पडून पुन्हा चालू झालेल्या ३४४ रोग्यांची चौकशी वान लोमेल या डॉक्टरांनीं केली व ती २००१ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापली. त्यांपैकीं ६२ जणांनीं, म्हणजे शेंकडा अठरा लोकांनीं, असा कांहींतरी अनुभव सांगितला. पुढें कित्येक वर्षांनीं पुन्हा विचारपूस केली तेव्हां त्यांची मरणाची भीति कमी झालेली दिसली. मेंदूस प्राणवायु कमी पडला कीं असे भास होतात, एवढें म्हणून मोकळें होणाऱ्यांस त्या डॉक्टरांचा प्रश्न असा कीं, प्राणवायु तर सर्वांसच कमी पडला होता; मग बाकीच्या २८२ जणांस कांहींच कां आठवूं नये? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें पुरें उत्तर अद्याप कोणाजवळ नाहीं.

तथापि साक्षीदार प्रामाणिक असणें निराळें आणि त्याच्या साक्षीनें दावा सिद्ध होणें निराळें. कांहीं रोगी म्हणतात कीं, आम्ही छताजवळ तरंगत आपला देह खालीं पाहत होतों. त्याची परीक्षा करण्यासाठीं सॅम पार्निया या डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अनेक रुग्णालयांत उंच फळ्या बसविल्या व त्यांवर केवळ वरूनच दिसतील अशीं चित्रें ठेविलीं. २०१४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. एका रोग्यानें खोलींत घडलेलें बरेंचसें बरोबर सांगितलें, पण दैवयोग असा कीं, त्या खोलींत फळीच नव्हती! चित्र पाहिल्याचें कोणींच सांगितलें नाहीं. दुसरीकडे, जिनीव्हा येथें २००२ सालीं एका स्त्रीच्या मेंदूच्या उजव्या बाजूस एका विशिष्ट ठिकाणीं विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडतांच आपण देहाबाहेर पडल्याचा भास तिला जागेपणींच झाला. मिशिगन विद्यापीठांत २०१३ सालीं उंदरांवर प्रयोग करितां असें दिसलें कीं, हृदय थांबल्यावर कांहीं सेकंद मेंदू मंद न होतां उलट अधिकच प्रज्वलित होतो. २०२३ सालीं मरणासन्न अशा चार माणसांच्या मेंदूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हां दोघांत तसेंच आढळलें. अर्थात् त्या दोघांनीं काय पाहिलें तें सांगावयास ते उरले नाहींत.

मुख्य मुद्दा याहूनही साधा आहे. जो परत आला तो मेलेला नव्हता. हृदय थांबणें म्हणजे मरण, ही आपली जुनी समजूत; आज वैद्यक त्यास मरणाची पहिली पायरी मानतें, आणि त्या पायरीवरून मनुष्यास मागें ओढतां येतें. उंबरठ्यावरून परतलेल्या पाहुण्यानें माजघराचें वर्णन केलें, तर तें आम्हीं कितपत मानावें? कोणी म्हणेल, प्रवासी ज्या त्या भाषेंत एकाच नगराचें वर्णन करीत असतील. एकास जो प्रकाश वाटला तोच दुसऱ्यास दरबार वाटला. असेलही. देहानंतर कांहीं उरत नाहीं असें सिद्ध झालें आहे, असा आमचाही दावा नाहीं. पण मग त्या दरबाराचा तपशील, त्यांतील नद्या आणि त्या ओलांडण्याचे दर, हे कोणत्या आधारावर ठरले?

कठोपनिषदांतील नचिकेता यमाच्या दारीं तीन रात्री उपाशी राहिला व त्यानें हाच प्रश्न विचारला. यमानें प्रथम तो टाळला. देवांसही याविषयीं संशय आहे असें सांगून त्याऐवजीं गाई, हत्ती, घोडे, सोनें देऊं केलें. ज्या प्रश्नाचें उत्तर देतांना प्रत्यक्ष यम अडखळला, त्याचें उत्तर आमच्याकडील कित्येक भिक्षुक यादीसह देतात. वैतरणीसाठीं गोदान, वाटेसाठीं जोडा व छत्री, निजावयास शय्या. आणि यांतील एक वस्तु कमी पडली तर मृताचे हाल! दहा दिवसांपूर्वीं जिचा कुंकुमतिलक पुसला गेला, ती स्त्री घासाघीस करावयास धजत नाहीं. दुकानाच्या भांडवलांतून किंवा व्याजानें काढून तेरावें होतें. दुःखाच्या भरांत घेतलेलें हें कर्ज पुढें मुलांच्या शिक्षणावर बसतें. आगरकरांची पुण्यांत जिवंतपणींच प्रेतयात्रा काढण्यांत आली होती. त्यांस त्या निमित्तानें परलोक कितपत कळला असेल तो असो, इहलोकांतील माणसें पुरतीं कळलीं असावींत.

पैशाची हानि भरून निघते; दुसरी निघत नाहीं. नेत्रदान केलें तर पुढल्या जन्मीं आंधळें यावें लागेल, या भयानें कितीएक घरीं मृताचे डोळे सहा तास उलटून वायां जातात. १९९४ च्या कायद्यानें मस्तिष्कस्तंभाचा मृत्यु हा मृत्युच मानिला आहे व चार डॉक्टरांनीं, किमान सहा तासांच्या अंतरानें दोनदां, तपासून तो ठरवावयाचा आहे. तेथें नातलग म्हणतात, "अमका परत आला, आमचाही येईल." हृदय थांबलेला मनुष्य वेळींच साह्य मिळाल्यास परत येतो, ज्याचा मस्तिष्कस्तंभ मेला, तो येत नाहीं. श्वासयंत्रामुळें छाती हलत असतां हें पटणें कठीण आहे, हें आम्ही जाणतों. म्हणूनच तें शोकाच्या वेळीं नव्हे, आधीं घरीं बोलून ठेविलें पाहिजे.

आणि परत येणारा येतो तो कसा? छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरतें ठेवण्याची कृति अमेरिकेंतील बाल्टिमोर येथून १९६० सालीं प्रसिद्ध झाली. आज परतणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण याच कृतीनें परततात. आमच्या बाजारांत कोणी गादीवरून कोसळला कीं भोंवतीं गर्दी होते, वारा अडतो, आणि कोणी श्रद्धाळू त्याच्या तोंडांत गंगाजल ओततो. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेंत तें पाणी गेलें तर त्याचें परतणें आणखी दुर्घट होतें. साह्य न मिळतां गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वांचण्याची आशा शेंकडा सात ते दहानें घटते. मनुष्य हांकेस ओ देत नसेल व त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर एकानें १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. दुसऱ्यानें त्यास कठीण जमिनीवर उताणा निजवून, छातीच्या मध्यावर तळव्याचा मनगटाकडील भाग ठेवून, त्यावर दुसरा हात धरून, सुमारें दोन इंच खोल, मिनिटास शंभर ते एकशेंवीस या वेगानें, गाडी येईतों दाबीत राहावें. दमल्यावर तिसऱ्यानें हात लावावा.

व्यापारी मंडळांस व नगरपालिकेस आमची सूचना आहे कीं, बाजाराच्या साप्ताहिक सुटीच्या एका दिवशीं प्रत्येक दुकानांतील निदान एका माणसास ही कृति शिकवावी. हमाल व गड्यांस त्यांतून वगळूं नये, कारण कोसळलेल्याजवळ पहिल्यानें तेच पोंचतात. शिकविणारे डॉक्टर गांवांत आहेत. लागणार तें एक तासाची सवड, एक सतरंजी व सरावासाठीं एक बाहुला.