मिनिटाचा भाव काय? विमान कंपन्यांचा हिशेब आणि आपले दुकान

आपल्या व्यापारी बंधूंना कापडाचा भाव विचारा, ते लगेच सांगतील. डिझेलचा भाव विचारा, तोही पैशापर्यंत सांगतील. पण ‘तुमच्या एका तासाची किंमत किती?’ असे विचारले तर बहुतेकजण गप्प बसतील. मीही कित्येक वर्षे गप्पच होतो. हा प्रश्न माझ्यापुढे आणला तो एका विमानाने, आणि तेही खऱ्या नव्हे, खेळातल्या!

माझ्या पुतण्याला कॉम्प्युटरवर विमान चालविण्याचा नाद आहे. कोळसा आणि चुन्याच्या आमच्या राजूर गावात बसून तो रोज रात्री नागपूरहून मुंबईला विमान नेतो. एक दिवस म्हणाला, “बडे अब्बा, उड्डाणाआधी इथे एक आकडा भरावा लागतो. त्याला कॉस्ट इंडेक्स म्हणतात. दोस्ताचे पाहून मी ८० भरला तर इंधन जास्त जळते. शून्य भरला तर विमान रेंगाळते. मग खरा आकडा कोणता?” मी उर्दू शाळेत शिकलेला कापडवाला, मला विमानातले काय कळणार? पण त्याने सगळे समजावून सांगितले तेव्हा लक्षात आले की ही तर आपल्या वहीखात्याचीच गोष्ट आहे.

विमान जितके जोरात जाईल तितका हवेचा विरोध वाढतो आणि इंधन जास्त जळते. म्हणून हळू जावे, तर तेही एका मर्यादेपर्यंतच. फार हळू गेले तर विमानाला हवेत तोलून धरण्यासाठीच जास्त जोर लागतो आणि इंधन पुन्हा वाढते. मधे एक वेग असा असतो की एका किलो इंधनात सर्वांत जास्त अंतर कापले जाते. आकडा शून्य भरला की विमान या वेगाने जाते. गंमत अशी की, त्या वेगापेक्षा तीन ते पाच टक्के जास्त वेगाने गेले तर अंतराच्या हिशेबाने नुकसान फक्त एक टक्का होते. कोणताही व्यापारी हा सौदा लगेच करील. पण त्याच्या पुढचा प्रत्येक मिनिट महाग पडत जातो. मग थांबायचे कुठे?

इथे तो आकडा कामाला येतो. समजा, विमान एक मिनिट जास्त उडाले तर कंपनीला इंधन सोडून २००० रुपये खर्च येतो आणि एक किलो इंधनाला १०० रुपये पडतात. २००० ला १०० ने भागा, उत्तर २०. याचा अर्थ, एक मिनिट वाचविण्यासाठी २० किलोपर्यंत इंधन जाळणे परवडते, एकविसावा किलो जाळला की तोटा सुरू. एअरबसच्या विमानात हा आकडा किलो-मिनिटाच्या हिशेबाने भरतात. बोइंगमध्ये माप वेगळे आहे, तासाला शेकडा पौंड. एअरबसचा २० म्हणजे बोइंगचा सुमारे २६. पुतण्याच्या दोस्ताचे विमान बोइंग आणि याचे एअरबस! म्हणजे एकाने गजाने मोजले आणि दुसऱ्याने तोच आकडा मीटर समजून कापड फाडले.

नागपूर–मुंबईसारख्या लहान प्रवासात या आकड्याने फरक पडतो तो दोन-तीन मिनिटांचा. तेवढ्यासाठी एवढी डोकेफोड कशाला, असे कोणी म्हणेल. इंडिगोने २०२३ मध्ये दिवसाला २००० उड्डाणांचा टप्पा गाठला. एका उड्डाणामागे १० किलो इंधन वाचले तरी दिवसाला २० टन होतात. २००८ मध्ये तेल भडकले तेव्हा अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीने आपली विमाने एक ते तीन मिनिटे उशिरा पोहोचतील इतकीच हळू केली आणि त्यातून वर्षाला ४ कोटी २० लाख डॉलर वाचतील असा अंदाज दिला. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच.

हा आकडा कायमचा नसतो. इंधन महागले की तो खाली येतो, स्वस्त झाले की वर जातो. २०२२ मध्ये आपल्या देशात विमानाचे इंधन हजार लिटरला एक लाख रुपयांच्या वर गेले होते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हे इंधन त्याच्या बाहेर ठेवले गेले, म्हणून त्यावर राज्यांचा व्हॅट लागतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. भाव हलला, कर हलला की हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आपण मात्र दहा वर्षांपूर्वीच्या सवयीने मालाची वाहतूक ठरवितो.

नुसत्या वेगामागे धावणाऱ्याचे काय होते तेही पाहा. कॉन्कॉर्ड विमान लंडनहून न्यूयॉर्कला साडेतीन तासांत पोहोचत असे. पण प्रवासी जेमतेम शंभर आणि इंधनाची भूक अफाट. १९७६ मध्ये सुरू झालेली त्याची प्रवासी सेवा २००३ मध्ये बंद झाली. उलट, नुसता स्वस्त मार्गही टिकत नाही. आपल्या वडिलांच्या पिढीतील हाजी मुंबईहून जहाजाने जिद्दाला जात. जाण्या-येण्यात कित्येक दिवस जात आणि तितके दिवस घरचे काम, दुकान बंद राहत असे. ‘अकबरी’ जहाजाची १९९५ ची फेरी शेवटची ठरली. पुढे नागपूरहूनही हज यात्रेची विमाने सुटू लागली. जहाजाला एका हाजीमागे इंधन कमी लागत असेल, पण माणसाच्या दिवसांनाही भाव असतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी रमजानच्या सुरुवातीला सुरतेहून ड्रेस मटेरियल यायचे होते. आज निघणाऱ्या गाडीचे भाडे जास्त होते, आठवड्याने निघणाऱ्या भरगाडीचे कमी. मी १४०० रुपये वाचविले आणि खूश झालो. त्या गाडीलाही वाटेत उशीर झाला आणि माल आला तो बाविसाव्या रोज्याला. विसाव्या रोज्यानंतर आमच्याकडचे टेलर शिलाईचे कापड घेत नाहीत, हे मला माहीत नव्हते का? माहीत होते, पण मी ते हिशेबात धरले नाही. ईद झाली, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातून तयार कपडे घेऊन गेले आणि माझ्या गाठी तशाच पडून राहिल्या. उधारीची मुदत मात्र थांबली नाही. १४०० वाचविण्यासाठी मी किती घालविले ते घरच्यांना अजून सांगितलेले नाही.

दुसऱ्या वर्षी मी उलटी चूक केली. दुधाने तोंड पोळले म्हणून ताक फुंकून पिऊ लागलो. भर पावसाळ्यात, सण नाही, लग्नसराई नाही, तरी लक्झरी बसने तिप्पट भाडे देऊन माल आणला. तो दिवाळीपर्यंत कपाटात बसला. पहिल्यांदा मिनिटाचा भाव शून्य धरला, दुसऱ्यांदा वाटेल तेवढा धरला. दोन्ही वेळा भागाकार केला नाही.

म्हणून माझे मत असे की, प्रत्येक दुकानदाराने आणि कारागिराने आपल्या तासाचा भाव काढून भिंतीवर लिहून ठेवावा. तो काढताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, घड्याळाबरोबर जो खर्च वाढतो तोच धरावा. विमान कंपनी यात इंजिनाच्या तासागणिक होणाऱ्या देखभालीचा खर्च धरते. वैमानिकाचा ठरलेला मासिक पगार विमान हळू गेले तरी तेवढाच, म्हणून तो धरत नाही. तसेच दुकानाचे भाडे माल लवकर आला तरी द्यायचेच आहे, ते यात मिळवू नये. उधारीची मुदत, रिकामे बसलेले कारागीर आणि परत गेलेले गिऱ्हाईक मात्र जरूर मिळवावे.

दुसरी, सगळे तास सारख्या भावाचे नसतात. विमानाला उशीर झाला आणि प्रवाशांचे पुढचे विमान चुकणार असेल तर कंपनी तेवढ्यापुरते जास्त इंधन जाळायला तयार होते. रमजानचा पहिला आठवडा आणि श्रावणातला आठवडा यांचा भाव एक कसा असेल?

तिसरी, स्वतःच्या मेहनतीचा तास फुकट धरू नये. ही चूक कारागीर बंधूंची मोठी आहे. एखादा टेलर वीस रुपये स्वस्त दोरा-बटण मिळते म्हणून दुपारभर मशीन बंद ठेवून वणीला जातो. समजा तो तासाला शंभर रुपयांचे काम करतो आणि तीन तास गेले, तर तीनशे रुपये आणि वर गाडीभाडे देऊन त्याने वीस रुपये वाचविले. याला काटकसर कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, आपण लहान माणसे, विमान कंपनीची बरोबरी कशाला? उलट आहे बंधूंनो. मोठी कंपनी एका उड्डाणात चुकली तर बाकीच्या उड्डाणांतून भरून काढते. आपला एक हंगाम चुकला तर वर्ष बुडते. भागाकार आपल्याला जास्त गरजेचा आहे.

पुतण्याने आता आपल्या विमानात २० भरला आहे. मी दुकानाच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन आकडे लिहिले आहेत, एक हंगामाचा, एक बिगरहंगामाचा. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की आधी ते पान उघडतो. आपणही आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी आपला आकडा काढून पाहा.