औषधांचा बाजार आणि एक वार्ताहर

15 जुलै 1962 रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पहिल्या पानावर मॉर्टन मिन्ट्झ या वार्ताहराचा एक वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि अमेरिकी सिनेटच्या समितीत दात पाडून ठेवलेल्या औषधविधेयकाला तीन महिन्यांच्या आत कायद्याचे रूप मिळाले. शोधपत्रकारितेचा विजय म्हणून ही घटना नेहमी सांगितली जाते. ती तशी आहेही. परंतु त्या विजयात हाती काय लागले यापेक्षा हातून काय निसटले, याचा हिशेब समाजवादी कार्यकर्त्याने अधिक बारकाईने मांडावयास हवा.

वृत्तांतातील हकीकत अशी. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध अमेरिकेत विकण्याची परवानगी मेरेल कंपनीने सप्टेंबर 1960 मध्ये मागितली. अन्न व औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा म्हणून ती रोखून धरली. कंपनीचे प्रतिनिधी त्यांच्याकडे व वरिष्ठांकडे खेटे घालीत राहिले; केल्सी बधल्या नाहीत. पश्चिम जर्मनीत हे औषध 1957 पासून खुलेआम विकले जात होते. गरोदरपणी ते घेतलेल्या स्त्रियांची मुले हातापायांच्या व्यंगासह जन्मास येतात, हे 1961 च्या अखेरीस उघड झाले. जगभर अशा बालकांची संख्या 10,000 च्या घरात गेली. अमेरिका बचावली, पण पुरती नव्हे. 'चाचणी'च्या नावाखाली हजाराहून अधिक डॉक्टरांमार्फत 25 लाख गोळ्या तेथे वाटल्या गेल्याच होत्या. आणि आपल्यावर प्रयोग चालला आहे हे रुग्णाला सांगण्याचे बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हते.

या बातमीचा धागा मिन्ट्झ यांना दिला तो सिनेटर एस्टिस केफॉव्हर यांच्या सहकाऱ्यांनी. केफॉव्हर यांची उपसमिती डिसेंबर 1959 पासून औषधकंपन्यांची जाहीर चौकशी करीत होती, आणि तिचा मूळ विषय सुरक्षितता नव्हता. किंमत हा होता. प्रेडनिसोलोनची दीड सेंटाच्या आसपास उत्पादनखर्चाची गोळी दुकानदाराला जवळजवळ 18 सेंटांना विकली जाते, हे या चौकशीत निघाले. औषध निवडतो डॉक्टर, पैसे मोजतो रुग्ण. अशा बाजारात ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्याच्या गोष्टी करणे म्हणजे थट्टाच. म्हणून केफॉव्हर यांच्या मूळ विधेयकात, तीन वर्षांनंतर पेटंटधारकाने इतरांनाही उत्पादनाचा परवाना दिलाच पाहिजे, अशी तरतूद होती.

10 ऑक्टोबर 1962 रोजी अध्यक्ष केनेडींनी सही केलेल्या कायद्यात ही तरतूद नव्हती. औषध गुणकारी असल्याचा पुरावा सक्तीचा झाला, प्रयोगासाठी रुग्णाची संमती आली; ही कमाई लहान नव्हे. पण पेटंट आणि किंमत यांना धक्का लागला नाही. व्यंग घेऊन जन्मलेल्या बालकाचे छायाचित्र छापता येते. परवडले नाही म्हणून औषध न घेता घरी परतलेल्या रुग्णाचे कोणते छायाचित्र छापणार?

याच उपसमितीने भारताची गणना औषधांच्या किमती सर्वाधिक असलेल्या देशांत केली होती. आपल्याकडील पेटंटच्या वादात त्या निष्कर्षाचा हवाला दिला गेला, आणि 1970 च्या कायद्याने औषधांवरील उत्पादन-पेटंट रद्द केले. वॉशिंग्टनमध्ये जे कापले गेले त्याच्याही पलीकडचे पाऊल दिल्लीत पडले, ते बातमीच्या धक्क्याने नव्हे. त्यामागे वर्षानुवर्षांचे राजकीय काम होते. 2005 मध्ये ते पेटंट पुन्हा आणताना त्या कामाची आठवण किती जणांना होती, हा प्रश्न निराळा.

मिन्ट्झ यांचे श्रेय असे की एका खळबळीवर ते थांबले नाहीत. 1965 मध्ये त्यांनी औषधव्यवसायावर 'द थेराप्युटिक नाइटमेअर' हा ग्रंथ लिहिला, 1969 मध्ये संततिनियमनाच्या गोळीवर दुसरा. पुढे डाल्कन शील्ड या गर्भनिरोधक साधनाचे प्रकरण त्यांनी धसास लावले. 1962 चा कायदा औषधांपुरता होता. शरीरात बसवावयाच्या साधनाला विक्रीपूर्व परवानगी लागत नसे. ए. एच. रॉबिन्स कंपनीने 1971 पासून हे साधन त्याच फटीतून बाजारात आणले. त्याच्या दोरीतून जंतू गर्भाशयात चढू शकतात, हा इशारा कंपनीच्याच एका पर्यवेक्षकाने त्याच वर्षी दिला होता. विक्री थांबली 1974 मध्ये, साधनांसाठी कायदा झाला 1976 मध्ये. मिन्ट्झ यांचे 'अ‍ॅट एनी कॉस्ट' हे पुस्तक 1985 मध्ये आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने हजारो स्त्रियांच्या दाव्यांपुढे दिवाळखोरीचा आश्रय घेतला. दरम्यान अमेरिकी सरकारच्या परदेश-मदत खात्यामार्फत हेच साधन गरीब देशांतील कुटुंबनियोजन केंद्रांकडे रवाना झाले होते. घाऊक खोक्यांत, सवलतीच्या दराने, आणि निर्जंतुक न करता.