कड गेलेला रुपया

सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत रुपयाचं नाणं घेऊन आला. सिद्धनाथाच्या यात्रेत पाळणेवाल्याकडून सुट्ट्यात मिळालेलं. एका बाजूची कड चंद्रकोरीसारखी गायब. "सर, ही टांकसाळीची चूक आहे. दोन लाख मिळतात. अम्मी नोंदणीचे दीड हजार भरणार आहे." अम्मी शिवणकाम करते. फोनवरच्या माणसानं संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती.

मी भिंग काढलं आणि मुलांना भोवती बसवलं.

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या पाडतात. पट्टी नीट पुढं सरकली नाही तर आधीच्या भोकावरच घाव बसतो आणि चकती कड नसलेली निघते. ठसा त्यानंतर उमटतो. दाबाखाली धातू मोकळ्या जागेकडं सरकतो, जवळची अक्षरं ओढल्यासारखी होतात आणि बरोबर समोरची कडही बहुधा पुसट राहते. या नाण्याची समोरची कड मात्र भरीव होती, अक्षरं मधेच कापलेली होती आणि कापावर कानशीचे ओरखडे होते. म्हणजे आधी ठसा, मग कानस. इथं तराजू कामाचा नाही, वजन दोन्हीकडं कमीच भरतं.

दहाच्या नाण्याचंही तसंच. ते दोन धातूंचं असतं. मधली चकती ठोकून काढायची आणि "दुर्मिळ" म्हणून विकायचं. म्हणून एकच प्रश्न विचारावा: हे नाणं घडताना झालं, की घडल्यावर?

टांकसाळीच्या चुका खऱ्याच असतात, संग्राहक त्यांना किंमतही देतात. पण हा धंदा नाण्याचा नाही, आपल्या गरजेचा आहे. ७८६ च्या नोटांचा भाव सांगणारे आपल्या श्रद्धेलाही तसंच बाजारात बसवतात. आकडा पाहून आपण हुरळतो आणि समोरचा पैसे का मागतोय, हे विचारत नाही.

रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तिच्या नावानं ते घ्यायचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही.

दीड हजार वाचले. शाळेत अशी भिंगं हवीत आणि घरात एवढी एक गोष्ट पक्की हवी: ज्याला तुमचं नाणं खरंच हवंय तो पैसे देतो, मागत नाही.