गोत्रीचे चाळीस अंश आणि पणजीचे सदतीस

बडोद्याच्या पश्चिमेस असलेले गोत्री हे एकेकाळचे गाव आता पूर्णपणे शहरात सामावले आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय, तलाव आणि दाट वसाहती असा हा परिसर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तेथील पहाट अजूनही गार असते. किमान तापमान सतरा-अठरा अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी तेच चौतीस-पस्तिसावर जाते. म्हणजे एका दिवसात सोळा-सतरा अंशांचा फरक. पणजीत याच दिवसांत रात्र जेमतेम बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरते आणि दुपार बत्तीस-तेहतिसाच्या पुढे सहसा जात नाही. आकड्यांवरून पाहता गोमंतकीयांनी बडोदेकरांची कीव करावी. २०२५ मध्ये मात्र उष्णतेच्या लाटेचा पहिला इशारा आला तो गोवा आणि कोकण किनाऱ्यालाच, आणि तोही फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात, जेव्हा हवामान खात्याच्या पंचांगानुसार हिवाळा संपलेला नसतो.

उष्णतेच्या लाटेची व्याख्या सर्वत्र सारखी नाही, हे त्याचे एक कारण. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान चाळीस अंश असावे लागते, किनारपट्टीवर सदतीस पुरेसे होते. शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. पणजीची या दिवसांतील सरासरी लक्षात घेतली, तर सदतीस अंश ही मर्यादा अगदी उंबरठ्यावर येऊन ठेपते. दुपारी समुद्रावरून येणारा वारा तासाभराने लांबला, तरी तो उंबरठा ओलांडला जातो.

हा वारा लांबतो कसा, याचे उत्तर गोत्री आणि गोवा यांच्यामधल्या नकाशात सापडते. या काळात अरबी समुद्राच्या उत्तर भागावर व लगतच्या भूभागावर वातावरणाच्या वरच्या थरात प्रत्यावर्त तयार होते. त्यातील हवा खाली बसते, दाबली जाते आणि तापते. आकाश निरभ्र राहते. गुजरातकडून आणि दख्खनच्या पठारावरून कोरडे वारे किनाऱ्याकडे वाहू लागतात. पठारावरील हवा सह्याद्री उतरते तेव्हा कोरडी असल्याने दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. हे पूर्वेचे वारे जोरात असले की समुद्राचा वारा दुपारपर्यंत किनाऱ्यावरच अडून राहतो. एकाच वातावरणीय रचनेची ही दोन टोके आहेत. खंभातचे आखात नकाशावर जवळ दिसले, तरी भरदुपारी त्याचा गारवा गोत्रीत भरवशाने पोहोचत नाही. म्हणून तेथील लोक दुपार टाळायला शिकले आहेत. गोमंतकीयांना मात्र समुद्र वेळेवर येतो या विश्वासाची सवय आहे.

हवामान खात्याने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर केलेला मार्च ते मे या तिमाहीचा अंदाज पाहता हा विश्वास त्या वर्षी महागात पडू शकत होता. देशाच्या बहुतांश भागांत कमाल तापमान सरासरीपेक्षा अधिक राहील, असे त्यात म्हटले होते. फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनच्या तोवरच्या नोंदींतील देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, सरासरी तापमान २२.०४ अंश.

आकड्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. मोबाईलवर 'गोत्री' असे टाइप करताच जे तापमान दिसते, ते बहुधा गोत्रीत कोणी मोजलेले नसते. बडोद्याची नोंद विमानतळाच्या परिसरातली, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाची. बाकीचे संगणकीय प्रतिमानाचे गणित. गोव्यातही दैनंदिन चर्चा होते ती प्रामुख्याने पणजी आणि मुरगाव येथील आकड्यांची, आणि ही दोन्ही ठिकाणे समुद्राला लागून आहेत. वाळपई, सांगे किंवा धारबांदोड्याच्या डोंगरपायथ्याशी, जेथे समुद्राचा वारा उशिरा पोहोचतो आणि घाटातून उतरणारा वारा आधी, तेथील दुपार या आकड्यांत पुरती उमटत नाही. काजूची बागायत आणि आगीला बळी पडणारी वने मात्र तेथेच आहेत. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले आणि ते विझवण्यासाठी हेलिकॉप्टर आणावी लागली, तेव्हा किनाऱ्यावरच्या तापमापकाकडे पाहून त्याची कल्पना आली नसती.

गुजरातकडून शिकण्याजोगे काही असेल, तर ते येथे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्तीचे मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. त्यातून २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्मा कृती आराखडा तयार केला, दक्षिण आशियातील पहिला. इशारा आला की रुग्णालयांनी काय करायचे, पाणी कोठे ठेवायचे, कामगारांच्या वेळा कशा बदलायच्या, हे आधीच ठरलेले असते. मात्र तो आराखडा कोरड्या उष्म्यासाठी घडवला गेला. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होण्याचा मार्गच बंद होतो. त्यामुळे पस्तीस अंशही जीवघेणे ठरू शकतात. गोव्याला आकडा उसना घेऊन चालणार नाही, आर्द्रता धरूनच उंबरठे ठरवावे लागतील.

हा प्रश्न २०२५ मध्ये शाळांच्या दारात उभा राहिला. २०२३ च्या मार्चमध्ये उष्णतेच्या इशाऱ्यामुळे ९ व १० तारखेला राज्यातील शाळा दुपारपूर्वीच सोडाव्या लागल्या होत्या. २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू करण्याचे सरकारने ठरवले आणि पालकांनी त्याला विरोध केला. वर्ग सकाळच्या सत्रात भरले, तरी मुले घरी परततात ती नेमकी समुद्राचा वारा सुरू होण्याच्या आधीच्या, सर्वांत तप्त वेळी. डिचोली-सत्तरीतल्या मुलाला तर बसची वाटही उन्हातच पाहावी लागते. वर्ग किती वाजता सुटावेत, यावर वाद झडत असताना कोणत्या तालुक्यात किती तापमान व किती आर्द्रता असल्यास ते भरूच नयेत, यावर कोणी बोलताना दिसत नव्हते.

२०२५ मध्ये होळी १३ मार्चला होती. गुजरातेत होळीची ज्वाळा कोणत्या दिशेला झुकते, यावरून पावसाचा अंदाज बांधणारे जाणकार अजूनही आहेत. शास्त्राच्या कसोटीवर ते टिकणार नाही, पण वाऱ्याची दिशा पाहण्याची सवय वाईट नव्हे. गोव्यातल्या दुपारी कशा जातील, हे वारा समुद्राकडून वाहतो की घाटाकडून, यावरच ठरते.