मध्यरक्षकाचे मोल

ज्याने गोल केला त्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत छापावे आणि ज्याच्या बुद्धीने त्या गोलाची वाट मोकळी केली त्याचा नामोल्लेखही करू नये, असा शिरस्ताच फुटबॉलच्या वृत्तलेखनात पडून गेला आहे. खेळाची परीक्षा करण्याची ही रीत अपुरी आहे, असे माझे निश्चित मत असून, क्रोएशियाचा मध्यरक्षक लुका मॉड्रिच याची कारकीर्द त्याला सबळ पुरावा पुरविते.

१९८५ साली झादर येथे जन्मलेल्या लुकाला ज्या आजोबांचे नाव मिळाले, त्यांची १९९१ च्या डिसेंबरात सर्ब बंडखोरांनी हत्या केली. युद्धात घर सुटले, आणि निर्वासितांना आसरा देणाऱ्या झादरमधील हॉटेलाच्या आवारात, तोफगोळ्यांच्या दहशतीत, हा मुलगा चेंडू खेळत वाढला. हायडुक स्प्लिट या मातबर क्लबने त्याला पारखले आणि देहयष्टी किरकोळ म्हणून नामंजूर केले. दिनामो झाग्रेबने पदरी घेतले. पण त्यांनीही प्रथम त्याची रवानगी बोस्नियातील मोस्तारच्या झ्रिन्स्की संघाकडे केली, आणि तेथील धसमुसळ्या खेळात हाच किरकोळ पोर त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१२ साली तो रेयाल माद्रिदमध्ये आला, तेव्हा काही महिन्यांतच एका स्पॅनिश क्रीडादैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातील सर्वांत वाईट खरेदी ठरविले. पुढे त्याच क्लबबरोबर त्याने सहा वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली.

मध्यरक्षकाचे खरे काम चेंडू पायाशी येण्यापूर्वीच सुरू होते. मान वळवून तो आपले नि परके कोठे उभे आहेत हे हेरून ठेवतो, आणि खेळाची गती केव्हा वाढवावी, केव्हा रोखावी, याचा निर्णय क्षणार्धात करतो. १२ एप्रिल २०२२ रोजी माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगच्या परतीच्या सामन्यात चेल्सीने ३-० अशी आघाडी घेतलेली, रेयाल बाद होण्यास दहाच मिनिटे उरलेली, अशा वेळी ३६ वर्षांच्या मॉड्रिचने उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडूला असा बाक दिला की तो बचावफळीवरून नेमका सहकारी रॉड्रिगोपाशी उतरला. गोल रॉड्रिगोच्या नावे जमा झाला. रेयाल तरले आणि त्या वर्षी अजिंक्यही ठरले.

२०१८ च्या विश्वचषकात सुमारे ४० लाख वस्तीच्या आपल्या देशाला त्याने अंतिम सामन्यापर्यंत नेले. डेन्मार्कविरुद्ध जादा वेळेच्या अखेरीस त्याची पेनल्टी अडविली गेली असताही, काही मिनिटांनी शूटआउटमध्ये तो पुन्हा चेंडूपाशी गेला आणि त्याने गोल केला. संपूर्ण स्पर्धेत त्याचे गोल दोनच. तरीही सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान त्याला मिळाला, आणि मेस्सी व रोनाल्डो यांच्याकडे सलग दहा वर्षे राहिलेला बॅलन डी'ओर पुरस्कारही त्याच वर्षी त्याच्याकडे आला.

उंची, वजन आणि गोलसंख्या ही मापे सोपी आहेत म्हणूनच ती वापरली जातात, आणि त्यांच्या आधारे दिलेला निवाडा एखाद्या मुलाचे आयुष्य वळवू शकतो. म्हणून आपल्या शाळांचे व जिल्ह्यांचे संघ निवडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, एखाद्या सडपातळ मुलाचे नाव यादीतून वगळण्यापूर्वी, चेंडू त्याच्याकडे नसताना तो कोठे पाहतो, हे त्यांनी एक सामनाभर तरी पाहावे.